गवळण कुणाच्या दारात

थोरल्या भावजींनी माझ्या खोपटापुढचं दावं सोडलं, तेव्हा गवळणीची पाठ अजून ओली होती. पाण्याची शेवटची खेप टाकून आम्ही दोघी नुकत्याच आलो होतो. तिच्या पाठीवरची लाकडी चौकट उतरवून मी भिंतीला टेकवली, पत्र्याचे डबे पालथे घातले आणि चुलीपुढं बसले, तोच दारात सावली पडली. बघते तर हणमंत भावजी, माझ्या मालकांचे थोरले भाऊ. दिवाळीनंतर गावाबाहेर गेलेला माणूस होळीच्या तोंडावर दारात आलेला, पण बरी आहेस का, एवढंसुद्धा विचारलं नाही. सरळ दाव्याला हात घातला.

"मढीच्या बाजाराला न्यायची हिला," म्हणाले. "गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

मी चुलीतलं लाकूड तसंच टाकलं आणि दाव्याचं दुसरं टोक धरलं. दिराच्या तोंडाकडं वर बघून बोलायची आमच्यात रीत नव्हती. पण त्या दिवशी रीतबीत कुठं गेली कोण जाणे.

"ती माझी हाय, भावजी. माझ्या बापानं आंदण दिलेली."

"आंदण घरात आलं की घराचं झालं. सहा वरसं तिला चारा कुणी घातला? तुझा बाप आलता का घालायला?"

आता हे आंदण काय ते सांगते. आम्ही कुंभार. आमच्या भागात जमिनी कुणाला नाहीत, असल्या तरी त्यात खडकाशिवाय काही नाही. पाऊस कधी येतो, कधी वरच्या वर निघून जातो. त्यामुळं आमची शेती म्हणजे गाढवं. माती आणायची गाढवांनी, विटा वाहायच्या गाढवांनी. म्हणून माझ्या बापानं लग्नात मला भांडी कमी दिली आणि एक गाढवी दिली. अंगानं पांढुरकी, डोळ्यांभोवती काळं, अगदी काजळ घातल्यासारखं. आईनं तिचं नाव गवळण ठेवलं. नवरीच्या मागं नवरीची गाढवी, अशी आमची वरात माझ्या सासरच्या दारात आली होती. लोक हसले होते. माझे मालक हसले नाहीत. त्यांनी आधी गवळणीला पाणी दाखवलं आणि मग माझ्याकडं बघितलं. मला त्याच दिवशी कळलं की माणूस चांगला आहे.

तो चांगला माणूस कावीळ होऊन गेला. भैरू त्याचं नाव. मूलबाळ नव्हतं. वर्षभर मी खालच्या घरात जावेच्या हाताखाली काढलं, पण एका चुलीपाशी दोघींचं जमेना. ती वाईट होती असं मी म्हणत नाही, पण तिचं तोंड म्हणजे दिवसभर चालणारं जातं. शेवटी मी वरच्या माळावर, धनगरांच्या वस्तीच्या कडेला खोपट घातलं. त्या साली पाऊस पडलाच नाही. भट्टी बंद पडली. हणमंत भावजी सगळी गाढवं घेऊन लांब नदीकाठी वाळू वाहायच्या कामाला गेले. गवळणीचा मागचा पाय तेव्हा सुजून भोपळा झालेला. चालवेना तिला. जाताना मला म्हणाले, "ठेव तुझ्याकडं. जगली तर जगली." एवढं बोलून गेले.

मी तिला जगवली. मिठाचं कडक पाणी, हळद, एरंडाची पानं, जे कुणी सांगेल ते केलं. पाय उतरला. तोवर वस्तीवरचा आड आटला आणि बाया हंडे घेऊन खाली ओढ्यातल्या विहिरीवर यायला लागल्या. चढ असा की रिकाम्या हातानं चढताना छाती भरायची. मग मी मिस्त्रीकडून एक चौकट करून घेतली, दोन्ही बाजूंना दोन दोन डबे अडकवले आणि गवळण पाण्याला लावली. पहाटे खाली, भरून वर. वस्तीवर दारोदार पाणी द्यायचं, शेवटी आपल्या खोपटाशी. त्या बदल्यात कुणी पसाभर बाजरी घाली, कुणी वाटीभर ताक, कुणी सरपण. कुणाच्या ताटाखालचं मांजर न होता मी दोन वेळा जेवत होते. रांडावलेल्या बाईला आणखी काय हवं असतं हो? गवळण गेली असती तर सांगोल्याला भावाच्या दारात जाऊन बसायचं, एवढंच उरलं होतं. भाऊ नाही म्हणाला नसता. पण भावजयीचा चेहरा मी बघितलेला होता.

म्हणून मी दावं सोडलं नाही. ओढाओढ झाली, बयाबाई खरात शेजारून धावत आली, तिनं भावजींना दोन शब्द सुनावले. भावजी काही राक्षस नव्हते. चारचौघांत विधवा भावजयीशी झोंबाझोंबी करताना दिसलो, हे त्यांचं त्यांनाच लागलं. दावं टाकून म्हणाले, "चल, दाजिबातात्या सांगतील ते."

दाजिबातात्या म्हणजे आमच्या कुंभारवाड्यातले सगळ्यांत वडील. दातांचा पत्ता नव्हता, पण गाढवाचे दात बघून वय सांगायला लोक अजून त्यांच्याकडंच यायचे. संध्याकाळी पिंपळाच्या पारावर चार वडीलधारी बसली. भावजींनी आपलं सांगितलं, मी माझं सांगितलं. दोघांचंही खरं होतं, हीच तर अडचण होती. गाढवी माझ्या बापाची, चारा त्यांच्या घरचा. तिच्या पोटचं एक शिंगरू आता चांगलं जाणतं गाढव होऊन त्यांच्या कळपात ओझी वाहत होतं, त्याच्यावर मी हक्क सांगितला नव्हता, तेही मी बोलून दाखवलं. पाय मी बरा केला, हेही सांगितलं. दाजिबातात्या नुसते मान हलवत होते.

शेवटी ते माझ्या सासूकडं वळले. सगुणाआत्या पाराच्या खाली, बायकांच्या बाजूला, पदर ओढून बसली होती. तिच्याकडं माझा जीव लागून राहिला होता. वरातीच्या दिवशी गवळणीच्या पायावर पाणी घालून तिला दारात घेतली होती ती आत्यानंच. तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

"सगुणा, तू सांग. गाढवी कुणाची?"

आत्यानं मान वर केली नाही. "मी काय सांगू?" म्हणाली. "मला दोन्ही पोरांची घरं सारखीच. जनावरालाच विचारा की."

जनावराला विचारायचं म्हणजे काय ते आमच्यातल्या पोरासोरालाही माहीत असतं. जनावराचा वाद तुटेना तर ते विहिरीपाशी, जिथं वाटा फुटतात तिथं मोकळं सोडायचं. दोन्हीकडच्या माणसांनी नजरेआड उभं राहायचं, हाक मारायची नाही, चारा दाखवायचा नाही. जनावर ज्याच्या दारात जाईल, त्याचं. खालचं घर विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. तिथं कळप बांधलेला. तिथं तिचं स्वतःचं पोर. आणि माझं खोपट तो सगळा चढ चढून वर. अशा ठिकाणी गाढवी कुठं जाईल हे विचारायला सोडायची तरी कशाला?

त्यावर आत्यानं आणखी एक घाव घातला.

"पण एक हाय, तात्या. बोडक्या पाठीनं सोडायची न्हाई. आपल्या घरात बोडक्या पाठीचं जनावर फकस्त विकताना सोडत्यात. अपशकुन नको."

हे ऐकून भावजींच्या तोंडावर हसू आलं, आणि ते का आलं ते मलाही कळलं. गाढवाचं असं असतं, की रिकाम्या पाठीचं गाढव एखादेवेळी हिरवं बघून कुठंही भरकटेल, पण पाठीवर ओझं चढलं की ते सरळ ओझं उतरायच्या जागी जातं. हाकायची गरजच पडत नाही. म्हणून तर आमचा एक माणूस दहा गाढवं सांभाळतो. आणि गवळणीचं ओझं सहा वर्षं कुठं उतरलं होतं? खालच्या घराच्या अंगणात, भट्टीपाशी. म्हणजे एवढी तेवढी जी आशा होती, तीही आत्यानं पुसून टाकली. दाजिबातात्यांनी मान हलवली, भावजींनी हलवली. मला कुणी विचारलं नाही.

घरी आल्यावर मी गवळणीच्या गळ्यात पडून रडले. लाजायचं काय त्यात, रडले. तिला काय कळलं देव जाणे, माझ्या पदराची कड चघळत उभी राहिली. आत्याला मी त्या संध्याकाळी मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या आयुष्यात कुणाला दिल्या नसतील.

सकाळी उजाडायला दारात आत्याच उभी. चढ चढून आलेली, धापा टाकत. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"तुझी चौकट आणि डबे घे," म्हणाली. "मातीच्या गोण्या हणमंतानं बाजाराच्या सामानात बांधून ठेवल्यात."

मी चौकट घातली, डबे अडकवले आणि निघाले. वाटभर नुसते रिकामे डबे वाजत होते.

विहिरीवर सगळी जमली होती. भावजी, जाऊ, दाजिबातात्या, आणखी दोघंतिघं म्हातारी माणसं. डबे बघून कुणीतरी म्हणालं, गोण्या हव्या होत्या. भावजीच म्हणाले, "डबं काय आन् गोण्या काय, वझं ते वझं. चालू द्या." त्यांना घाई होती. आत्यानं पोहरा उचलला. रिकामे डबे वाजले तर जनावर बिथरेल, म्हणाली, आणि एकेक पोहरा शेंदून डबे भरायला लागली. वय झालेली बाई ती. मी मदतीला गेले तर तिनं कोपरानं मला बाजूला सारलं. चारही डबे तिनं काठोकाठ भरले. मला वाटलं, ओझं जड केलं म्हणजे गाढवी उताराचीच वाट धरील, म्हणून हा खटाटोप. मला तेव्हा दुसरं काही सुचतच नव्हतं.

मग आम्हाला पडक्या भिंतीमागं उभं केलं. मी एका टोकाला, भावजी दुसऱ्या टोकाला. भिंतीच्या भगदाडातून दिसत होतं. दाजिबातात्यांनी गवळणीच्या गळ्यातलं दावं काढलं आणि मागं झाले.

गवळण काही वेळ तशीच उभी राहिली. एक कान पुढं, एक मागं. एवढ्यात खालच्या अंगणातून तिचं पोर ओरडलं. त्याला तिचा वास गेला असणार. दोन्ही कान तिकडं वळले. तिनं मान फिरवली आणि खालच्या वाटेला पाय टाकला. एक, मग दुसरा. पोर परत ओरडलं. ती चालायला लागली. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला भावजींनी तंबाखूची चंची काढली, म्हणजे त्यांच्या मते काम झालं होतं.

वाट उताराला लागली तसं डब्यांतलं पाणी हिंदकळलं. काठोकाठ भरलेलं, ते तिच्या मानेवर, पुढच्या पायांवर सांडलं. गवळण थांबली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी! खालच्या अंगणात तिनं सहा वर्षं माती नेली होती, विटा नेल्या होत्या. पाणी कधीच नेलं नव्हतं. भट्टीला ओढ्याच्या डबक्यातलं गढूळ पाणी जागच्या जागी मिळायचं. भरलेले डबे घेऊन गवळण आयुष्यात एकाच बाजूला गेली होती, वर. भावजींना ते कळायचं कारण नव्हतं. ते तेव्हा नदीवर होते. त्यांनी गवळणीला डब्यांनिशी चालताना कधी बघितलंच नव्हतं.

पोर तिसऱ्यांदा ओरडलं. गवळणीनं त्याला उत्तर दिलं, लांबलचक, सगळा ओढा दणाणेल असं. आणि मग ती वळली. जागच्या जागी, डबे भिंतीला न लागू देता वळली आणि खाली मान घालून चढाला लागली. त्या पोराला सोडून ती वर निघाली, ते बघून मला आनंदात वाईटही वाटलं. खोटं कशाला बोलू.

आमची सगळी वरात तिच्या मागं. पुढं गाढवी, मागं दाजिबातात्या काठी टेकत, मग भावजी, मग मी. वस्ती आली तशी गवळण बयाबाई खरातांच्या दारात जाऊन उभी राहिली. रोजचं पहिलं घर तेच.

भावजींना आयतंच सापडलं. "तात्या, ही बघा, खरातांच्या दारात थांबली. मग गाढवी काय बयाबाईची?"

दाजिबातात्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "गप. अजून वझं उतरलं न्हाई. वझं कुठं उतरतं ते बघायचं."

बयाबाई हंडा घेऊन बाहेर आली. एवढी पुरुषमाणसं बघून तिनं पदर सावरला, पण पाणी काढून घेतल्याशिवाय गवळण हलत नाही हे तिला माहीत होतं. तिनं आपला हंडा भरून घेतला. गवळण पुढच्या दाराला. तिथं पुकळ्यांची सून. मग लिंबाखालचं घर. मग म्हाताऱ्या आंधळ्या यमाईचं, तिथं गवळण अंगणात अगदी उंबऱ्यापर्यंत जायची, म्हातारीला चालवत नाही म्हणून. त्या दिवशीही उंबऱ्यापर्यंत गेली. यमाईनं हातानं चाचपून तिचं नाक कुरवाळलं आणि विचारलं, "आज केसर गप का गं?" मी तोंड उघडलं नाही, बोलायला बंदी होती. दाजिबातात्या डोळे पुसत होते, का घाम पुसत होते, मला सांगता येणार नाही.

शेवटच्या डब्यात तळाशी थोडं पाणी उरलं होतं, ते घेऊन ती माझ्या खोपटापाशी आली. मागच्या बाजूला गेली, खांबाला खांदा घासला आणि उभी राहिली. चौकट उतरवा, असं सांगायची ही तिची रोजची तऱ्हा.

दाजिबातात्यांनी स्वतःच्या हातानं तिची पाठ मोकळी केली. दावं माझ्या हातात दिलं. "हिनं सांगितलं," एवढंच म्हणाले. भावजी जवळ आले. मला वाटलं आता तमाशा होणार. पण त्यांनी खाली बसून गवळणीचा मागचा पाय उचलला, खूर दाबून बघितला. "चांगला बरा केलास पाय," म्हणाले, आणि उतरून गेले. मी म्हटलं ना, राक्षस नव्हते.

आत्या वर आलीच नव्हती. मी डबे घेऊन धावत विहिरीवर गेले, तर ती तिथंच काठावर बसलेली, पोहऱ्याचा दोर गुंडाळत. मी तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, तिनं धरून उठवलं.

"आत्या, तुम्हाला कसं ठाऊक होतं?"

"माझी गोधडी मागल्या भिंतीला असती. रोज पहाटं तू जायचीस. येताना डबं वाजायचं. भरून जाताना वाजायचं न्हाईत. नुसती खुरं ऐकू यायची, वरच्या अंगाला. ती लांब गेली की मग मी उठायची." तिनं दोराचा आणखी एक वेढा घातला. "माझ्या भैरूची बायको उपाशी न्हाई, एवढं कळायचं."

मी विचारलं, मग काल पारावर सरळ का नाही सांगितलं, गाढवी केसरची म्हणून.

"सांगितलं असतं," आत्या म्हणाली. "पर तोंडानं सांगितलं असतं तर सांजच्याला भाकरी कुणी घातली असती मला? मला ऱ्हायचंय त्याच घरात."

दुसऱ्या दिवसापासून मी पहिला हंडा आत्याचा करायचं ठरवलं. तीही म्हातारपणी कळशी काखेत घेऊन विहिरीवर यायची. पण गवळण ऐकेना. भरलेले डबे खाली न्यायचे म्हटलं की चारही पाय रोवून उभी. आत्या मागच्या दारातून हसायची. तिला तसं मोकळं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. कडबा दाखवून, गोंजारून, शिव्या घालून शेवटी ती शिकली. मग रोज पहाटे आधी खालचं मागचं दार, मग चढ. जाऊ काही बोलली नाही. पाणी तिच्याही घरात पडत होतं.

पुढं पाऊस आला, आड भरला, भट्टी पेटली. तरी आत्याचा हंडा मी बंद केला नाही. पाणी हे निमित्त होतं. दाराशी उभ्या उभ्या आम्ही दोघी काय काय बोलायचो. भैरूबद्दल बोलायला जगात आम्हा दोघींशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.

आत्या गेली ती एका थंडीत, झोपेतच. तेराव्यानंतर मी पहिल्यांदा गवळणीला पाण्याला नेली. डबे भरले आणि तिचं तोंड वर वळवलं. ती वळेना. माझ्या हातातून सुटून खाली गेली आणि त्या बंद मागच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. कुणी हंडा घेऊन येईना. तिनं एकदा दाराला नाक लावलं.

मी दावं ओढलं नाही. पायरीवर बसले. तिनं शिकायला इतके दिवस लावले होते, विसरायलाही लावू दे म्हटलं. उजाडलं, जावेनं आतून कडी काढली, मला आणि गवळणीला बघितलं आणि आतून हंडा आणला. मी तो भरून दिला. मग गवळण चढाला लागली.